अ‍ॅट्रॅक्ट या क्रियापदाचा उपयोग

‘खाली बघू नका. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणा,’ मिरजगावकर सर म्हणाले. ‘म्हणा, यू अ‍ॅट्रॅक्ट मी.’

माझ्यासमोर कोकाटे आप्पा उभे होते. खताच्या दुकानाचे मालक, पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला अष्टगंध, ओठांवर भरघोस पांढऱ्या मिशा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं आणि रुमालानं मान पुसली.

‘सर, ह्यो शब्द राहू द्या की. फुडचा घिऊ.’

‘एकही शब्द राहणार नाही. क्रियापद माणसाळल्याशिवाय मी पुढे जात नसतो.’

आप्पांनी हात जोडले, डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, ‘यू अ‍ॅट्रॅक्ट मी, ताई.’

हा प्रकार बार्शीत, सायकलच्या एका दुकानाच्या माडीवर चालायचा. सरांच्या इंग्रजी संभाषण वर्गाची ही माडी. पंक्चर काढणाऱ्याची ठोकाठोक खालून आणि आमची क्रियापदं वरून, असं रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही एकदमच ऐकू यायचं. आज या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा मराठी घेऊन बी. ए. झाले होते आणि घरात बसले होते. ‘घरात बसली आहे’ हे लग्न न झालेल्या मुलीबद्दल म्हणतात. प्रत्यक्षात तिला बसायला कधी मिळत नाही.

सरांची पद्धत सोपी होती. दिवसाला एक क्रियापद. ते होकारार्थी, नकारार्थी, आज, काल आणि उद्या, अशा सगळ्या अंगांनी समोरच्या जोडीदाराला उद्देशून म्हणायचं. वर्गात तरुण पोरंही होती, पण गावात बोलणं होऊ नये म्हणून सर मुलींच्या जोड्या पिकल्या केसांच्या माणसांशी लावत. मला आप्पा मिळाले. खताची कंपनी चांगल्या विक्रेत्यांना सिंगापूर दाखवून आणणार होती आणि तिथे मुकं राहायला नको म्हणून आप्पा इंग्रजी शिकत होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ताई’ लावलं की कुठलंही वाक्य सोवळ्यात येतं, अशी त्यांची समजूत होती.

सरांची आणखी एक अट होती. वाक्य खरं पाहिजे. ‘खोटं वाक्य जिभेवर ठरत नाही,’ असं ते म्हणत. आप्पांनी त्या दिवशी हीच अट धरली.

‘सर, तुमीच म्हणता वाक्य खरं पायजे. आता ही माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. हे वाक्य खरं कसं व्हायचं?’

सर विचारात पडले. त्यांनी ‘लव्ह’ हे क्रियापद अभ्यासातून कधीच काढून टाकलं होतं. ‘ते नोकरीच्या मुलाखतीत विचारत नाहीत,’ एवढंच कारण ते देत. ‘लाइक’ त्यांनी आंबे आणि जिलबीवर भागवलं होतं. ‘अ‍ॅट्रॅक्ट’ मात्र त्यांना शास्त्रातलं आणि म्हणून निर्धोक वाटत होतं. येताना ते एक लोहचुंबक आणि कागदाच्या पुडीत लोखंडाचा कीस घेऊनच आले होते.

‘हे बघा,’ त्यांनी कीस टेबलावर पसरला आणि चुंबक जवळ नेला. ‘धिस अ‍ॅट्रॅक्ट्स धिस. ओढून घेणं. दिवा किड्यांना, गूळ मुंग्यांना, सर्कस पोरांना. एखादी पाटी गिऱ्हाइकाचं लक्ष ओढते, तिथेही हाच शब्द. मराठीत आपण आकर्षण म्हणतो, पण आपल्याकडे ते फक्त जाहिरातीत असतं. सर्कशीचं प्रमुख आकर्षण हत्ती. घरात कुणी हा शब्द बोलत नाही.’

‘आणि माणसाला वापरतात का, सर?’ मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘वापरतात. एक माणूस दुसऱ्या माणसाला. म्हणजे त्यानं काही करायचं नसतं. तो नुसता असतो आणि दुसऱ्याला ओढ लागते. दिसणं असेल, आवाज असेल, वागणं असेल. आणि ओढ नाही लागली तर कुणाचाही दोष नसतो. लाकडावर चुंबक कितीही फिरवा.’ एवढं बोलून त्यांना आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं असावं. ‘तर आप्पा, तुम्ही नकारार्थी म्हणा. ते खरं होईल.’

आप्पांचा जीव भांड्यात पडला. ‘यू डू नॉट अ‍ॅट्रॅक्ट मी, ताई,’ ते इतक्या मनापासून म्हणाले की वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मग माझी पाळी. ‘यू डू नॉट अ‍ॅट्रॅक्ट मी, आप्पा.’ मी ते काल केलं, उद्या केलं. कुठेही अडले नाही. आदल्या दिवशी ‘बॉरो’ या साध्या क्रियापदानं माझा घाम काढला होता, आणि हे मात्र मऊ भातासारखं घशाखाली उतरलं. मलाच नवल वाटलं. जन्मात असं वाक्य मी कुठल्याही भाषेत म्हटलेलं नव्हतं.

म्हणणार तरी कुठे? तोवर सहा ठिकाणची मंडळी मला पाहून गेली होती. त्यांनी मला चालायला लावलं होतं, वाटाणे सोलायला लावलं होतं, एका बाईंनी तर केस खरे आहेत का ते ओढून पाहिलं होतं. कुणाला मी सावळी वाटले, कुणाला उंच, कुणाला पत्रिकेत अवघड. प्रत्येक वेळी त्यांनी मला नाकारलं आणि प्रत्येक वेळी आमच्या घरानं सुतक पाळलं. त्या सहा जणांपैकी मला कोण कसा वाटला हे घरात कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मीही बोलले नाही. बाजारात वांग्यानं गिऱ्हाइकाला नावं ठेवल्याचं कुणी ऐकलंय?

शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवताना जाहीर करून टाकलं, ‘आता जो कोणी हो म्हणेल त्याला द्यायची. पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय.’ अण्णा नगरपालिकेत हेडक्लार्क होते. फाइल निकाली काढायची तारीख ते अशीच ठरवत. आई भाकरी वाढत होती. तिनं माझ्या पानात भाकरी टाकली आणि तव्याकडे वळली.

सातवं स्थळ दिगूकाकांनी आणलं. दिगूकाका अण्णांचे चुलतभाऊ. स्वतःच्या मुलांची लग्नं उरकून झाल्यावर त्यांचा हात रिकामा राहिला होता.

‘मोहोळकर. पुण्याचे,’ ते म्हणाले. ‘मुलगा हेरंब, इंजिनिअर. कॅनडाला जायच्या बेतात आहे. त्यांना फक्त इंग्रजी बोलणारी मुलगी पाहिजे. रंगाचं काही नाही. तिकडे थंडीत रंग दिसतच नाही.’

‘आपल्या वैजूला येतं इंग्रजी?’ अण्णांनी माझ्यासमोर काकांना विचारलं. अण्णांचं स्वतःचं इंग्रजी फायलींवरच्या शेऱ्यांपुरतं होतं.

‘येतं म्हणजे? मी स्वतः सायकल दुकानाखाली उभा राहून ऐकलंय. पोपटासारखं येतं.’

मोहोळकर मंडळी आली ती नेमकी संकष्टीला. हेरंबचे वडील, नानासाहेब, उपास करणारे होते, म्हणून पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी झाली. नानासाहेब, त्यांच्या पत्नी, एक थोरली आत्या, हेरंब. आमच्याकडून अण्णा, दिगूकाका आणि दारात पदर सावरून उभी असलेली आई. मी खिचडीच्या बशा फिरवल्या आणि सांगितलेल्या खुर्चीत बसले.

हेरंबला मी नीट बघून घेतलं. नाव ठेवावं असं त्याच्यात काही नव्हतं. शर्ट इस्त्रीचा, भांग सरळ, नखं स्वच्छ. बशी हातात घेताना ‘थँक यू’ म्हणाला. पण मी बघतच राहिले आणि आत काही म्हणजे काही हललं नाही. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्याकडे बघताना जेवढं वाटत होतं तेवढंच हेरंबकडे बघताना वाटत होतं. या माणसाबरोबर परक्या मुलखात, बर्फात, एका खोलीत जन्म काढायचा, असा विचार मनात आला आणि मला सरळ रडू यायला लागलं. मी ते खिचडीच्या वाफेवर ढकललं.

नानासाहेबांनी बशी खाली ठेवली. ‘मला स्वतःला इंग्रजी येत नाही,’ ते म्हणाले, ‘पण कानाला बरोबर कळतं कोण अडखळतंय ते. मुलीनं काहीतरी बोलून दाखवावं.’

‘गाणं म्हणून दाखवतात तसं,’ आत्यांनी मला समजावलं.

‘वैजू,’ दिगूकाका उत्साहानं पुढे सरकले, ‘तुमच्या वर्गात ते एक क्रियापद सगळीकडून वळवून दाखवतात ना, ते म्हण. कालचंच म्हण.’

मी उभी राहिले. सरांची शिस्त अंगात भिनलेली, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं. समोर हेरंब होता.

‘द मॅग्नेट अ‍ॅट्रॅक्ट्स आयर्न,’ मी सुरुवात केली. ‘द सर्कस अ‍ॅट्रॅक्ट्स चिल्ड्रन.’

‘वा,’ नानासाहेब म्हणाले.

पुढचं वाक्य खरं पाहिजे होतं. मला वाटतं मी थोडी थांबले. अण्णांनी धोतराचा सोगा मुठीत आवळून धरला होता, आणि मुलगी आता अडणार या भीतीनं त्यांचा चेहरा बारीक झाला होता.

‘यू डू नॉट अ‍ॅट्रॅक्ट मी,’ मी हेरंबला म्हटलं. तुझी मला ओढ वाटत नाही. ‘यू डिड नॉट अ‍ॅट्रॅक्ट मी. यू विल नॉट अ‍ॅट्रॅक्ट मी.’ वाटली नाही आणि वाटणारही नाही.

खोलीत आनंदीआनंद झाला. ‘तिन्ही काळ,’ दिगूकाका अण्णांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले. ‘एकदासुद्धा अडखळली नाही,’ नानासाहेबांनी निकाल दिला. आत्यांना माझे उच्चार रेडिओसारखे वाटले. हेरंबच्या आई म्हणाल्या की मुलगी बोलताना नजरेला नजर देते, हे तिकडे फार लागतं.

एकटा हेरंब कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं बशीतला एक शेंगदाणा इकडून तिकडे केला. मग वर बघून हळूच म्हणाला, ‘टु बी ऑनेस्ट, यू ऑल्सो डू नॉट अ‍ॅट्रॅक्ट मी.’ त्यालाही माझी ओढ वाटत नव्हती. ‘आय अ‍ॅम सॉरी.’

खरं सांगते, तेवढ्यापुरता तो मला आवडला.

‘बोलायला लागले,’ आत्या कुजबुजल्या. सगळ्यांनी आपापल्या बशा आवाज न करता खाली ठेवल्या. कॅसेटवर जुगलबंदी ऐकावी तशी मंडळी तृप्त चेहऱ्यानं आमच्याकडे बघत बसली, आणि त्या भरल्या बैठकीत आम्ही दोघं एकमेकांना नाकारण्याची व्यवस्था ठरवू लागलो. तू तुझ्या वडिलांना सांग, मी त्याला इंग्रजीत म्हटलं. मुलाकडून नकार आला तर कुणाला काही वाटत नाही, आम्हाला सवय आहे. तो म्हणाला, वडिलांना ब्लड प्रेशर आहे. मी म्हटलं, माझ्याही वडिलांना आहे. तो म्हणाला, तूच सांग ना, तू फार धीट आहेस. मी म्हटलं, धीट मी फक्त वर्गात आहे. यावर त्याला हसू आलं आणि मलाही आलं.

ते हसू बघून नानासाहेबांनी मांडीवर हात मारला. ‘आता आणखी काय बघायचं? पसंत आहे. वैरागकर, सुपारी फोडू या,’ ते अण्णांना म्हणाले.

अण्णांचे डोळे भरून आले. सहा वेळा ज्यांनी मान खाली घातली होती त्यांनी मान वर केली. ‘घोडं गंगेत न्हालं,’ दिगूकाका म्हणाले आणि आईला म्हणाले, ‘वहिनी, साखर आणा.’

मी हेरंबकडे बघितलं. आता तरी बोल, असं मी त्याला डोळ्यांनी सांगत होते. एक शब्द पुरणार होता, आणि मुलाच्या तोंडी तो शब्द शोभूनही दिसला असता. हेरंबनं मनगट फिरवून घड्याळात पाहिलं. मग त्यानं घड्याळाला किल्ली देणं सुरू केलं. साखरेची वाटी घेऊन आई बाहेर आली, सुपारी तबकात आली, नानासाहेबांनी अडकित्ता उचलला, आणि तरी किल्ली देणं चालूच होतं. मला कळून चुकलं की हा माणूस कॅनडालाही वडिलांना विचारूनच थंडी वाजवून घेईल.

‘मला हे स्थळ पसंत नाही,’ मी म्हटलं.

मघाशी सगळं इंग्रजी ऐकून कुणाच्या भुवईचा केस हलला नव्हता. आता नानासाहेबांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

‘काय म्हणाली ती?’ त्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णांनी दिगूकाकांकडे पाहिलं. दिगूकाका हसत हसत म्हणाले, ‘काही नाही हो, सराव चाललाय अजून.’

‘सराव मघाशी झाला, काका,’ मी म्हटलं. मी खुर्चीची पाठ धरली. ‘मघापासून मी हेच सांगत होते. तुम्ही सगळ्यांनी वा वा केलंत.’

नानासाहेब हेरंबकडे वळले. ‘खरं का रे?’

‘हो,’ हेरंब म्हणाला, आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर, अशा बेतानं त्यानं पुढचंही सांगून टाकलं. ‘मलाही नाही, नाना.’

‘तू गप्प बस,’ नानासाहेब म्हणाले. ‘तुला कोण विचारतंय?’

ते उठले. आत्या उठल्या. कुणी साखरेला हात लावला नाही. उंबऱ्यात चपला घालताना नानासाहेब अण्णांना म्हणाले, ‘मुलीला इंग्रजी आलं तेवढं पुरे होतं, वैरागकर. तुम्ही मराठीही शिकवून ठेवलंत.’ हेरंब सगळ्यांच्या मागे होता. त्यानं माझ्याकडे बघून मान किंचित लववली आणि वडिलांच्या पिशव्या उचलून तो चालू लागला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

माझंही पुढे लग्न झालं, तीनेक वर्षांनी, ज्याच्याशी करावंसं वाटलं त्याच्याशी. ते सुखाचं झालं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं राहिलं आहे ते त्या संध्याकाळचं.

दिगूकाका ‘हात दाखवून अवलक्षण’ असं पुटपुटत निघून गेले. अण्णा मधल्या खोलीत पाटावर बसले. ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. थकल्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘काय वाईट होतं त्याच्यात?’

‘वाईट काहीच नव्हतं.’

‘दारू पितो म्हणून कुणी सांगितलं तुला? आधीचं काही लफडं?’

‘नाही, अण्णा.’

‘मग?’

‘नाही आवडला.’

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. सगळे कागद जोडलेला, सह्या शिक्के असलेला अर्ज कुणी परत पाठवला तर ते असेच बघत असतील.

‘आवडला नाही,’ ते म्हणाले. ‘लग्नात आवडायचं काय असतं? घर बघायचं, पगार बघायचा, माणसं बघायची. आवडणं म्हणे. आम्ही नाही का केली लग्नं? मी काय आवडलो होतो तुझ्या आईला?’

हे त्यांनी मला विचारलं होतं, आणि उत्तरासाठी विचारलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. न खपलेली साखरेची वाटी तिच्या हातात होती आणि ती साखर परत डब्यात ओतायला निघाली होती. ती थांबली.

‘नाही,’ आई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. घरात गूळ आहे का म्हणून विचारल्यावर नाही म्हणावं तितकं ते साधं होतं. मी आईकडे बघितलं नाही, मला धीर झाला नाही. मी अण्णांकडे बघितलं. त्यांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

‘काय नाही?’

‘आवडला नव्हतात तुम्ही.’ तिनं वाटीला चिकटलेली साखर बोटानं निपटली. ‘आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.’

शेजारच्या घरात कुणीतरी चंद्रोदयाची वेळ विचारत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. अण्णांनी पाटावरच बूड हलवलं, घसा खाकरला, धोतर गुडघ्यावर सारखं केलं. मुलगी दाखवण्याच्या सात कार्यक्रमांत मी ज्या खुर्चीत बसत आले तीत बसल्यासारखे ते मला दिसले. मग मी त्यांचा कधी न ऐकलेला आवाज ऐकला.

‘आणि आता?’ अण्णांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘विचार करून कळवते,’ ती म्हणाली आणि आत गेली.